पेरभर मलम

आमच्या घरात ‘इसब’ हा शब्द पहिल्यांदा काढला तो मालीशवाल्या मावशींनी. मनू तेव्हा चार महिन्यांची होती. दोन्ही गाल लालभडक, हात फिरवला तर पॉलिशपेपरसारखे खरखरीत. खांद्यावर घेतली की ती माझ्या पदरावर गाल घासायची. आम्हाला वाटायचं, लाडात आली. मावशी डाळीचं पीठ सायीत कालवता कालवता म्हणाल्या, “इसब आहे हो बाळाला. पिठानं निघून जाईल.” पिठानं तो गेला नाही, उलट गालांना चिरा पडल्या. दुसऱ्या दिवशी मी पिठात हळद वाढवली.

मी पस्तीस वर्षं वाई तालुक्यातल्या शाळांमध्ये गणित शिकवलं. निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे आले ती नातीसाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या चुकांपैकी निम्म्या माझ्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा हिशेबाच्या आहेत.

पहिली चूक मी सुनेच्या खात्यावर मांडली. तिला डोहाळे लागले होते ते कैरीच्या लोणच्याचे. बाळाच्या अंगावर उठलं तेव्हा मी शेजारणीला म्हणाले, तेही सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं, “नऊ महिने आंबट-तिखट खाल्लं की उष्णता बाळात उतरणारच.” ती काही बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून तिच्या ताटात लोणचं दिसेनासं झालं. अंगावर पाजत होती ना.

वर्षभरानं गाल थोडे निवळले आणि ते सगळं कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागच्या खळगीत, मनगटांवर उतरलं. रात्री दिवा मालवला की सुरू व्हायचं. पाय गादीवर घासण्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे, एकसुरी, जात्यासारखा. सकाळी पांघरुणावर रक्ताचे ठिपके. पोर दिवसभर चिडचिडी आणि तिची आई तिच्यापेक्षा.

सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. कडुनिंबाचा पाला उकळून अंघोळ घातली, पोर किंचाळली. गालावर पांढरट चट्टे होते ते बघून कोणी म्हणालं जंत आहेत, म्हणून जंताचं औषध दोनदा झालं. माझ्या बहिणीनं फोनवरून दृष्ट काढायला लावली. मीठ-मोहऱ्यांचा ठसका सगळ्या घराला लागला, मनूला सगळ्यात जास्त.

मग २०२० चा लॉकडाऊन आला. दवाखाने बंद, फोनवर कोणी धड बोलेना. मुलानं कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला मोबाइलवर फोटो दाखवला आणि त्यानं एक ट्यूब दिली. दोन दिवसांत कातडी अशी साफ झाली की मी त्या मेडिकलवाल्याला दुवा दिला. आठवड्यानं परत आलं, परत लावलं. परत गेलं, परत आलं. असं जवळजवळ दीड वर्ष. त्या ट्यूबमध्ये काय होतं हे वाचायचं मला, रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवणाऱ्या बाईला, सुचलं नाही. बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि क्लोबेटासोल नावाचं सगळ्यात जहाल गटातलं स्टेरॉइड असं तिन्ही एकात होतं. आणि ते आम्ही तान्ह्या गालांवर लावत होतो. अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केंद्र सरकारनं २०१८ मध्येच केला होता, हे नंतर कळलं. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली नाही हे खरं, पण आम्हीही कुठे विचारलं?

गालांची कातडी पातळ होऊन बारीक लाल शिरा दिसायला लागल्या तेव्हा सून घाबरली आणि ट्यूब बंद झाली. तीन आठवडे गाल असे भडकले की पोरीकडे बघवेना. त्याच धास्तीत कोणीतरी ‘ॲलर्जीची फुल टेस्ट’ करायला सांगितली. एकदा रक्त घेतलं आणि दोन दिवसांनी मोठा कागद हातात आला. त्यात दूध, अंडं, गहू, तूरडाळ, शेंगदाणा, वांगं, केळं, एवढंच काय, झुरळ आणि कबुतरसुद्धा. लाल रंगात छापलेलं सगळं बंद करायचं म्हणे. झुरळ आम्ही आधीपासूनच खात नव्हतो. बाकी सगळं बंद केलं. तीन महिने भात, दुधी, मूगडाळीचं पाणी. खाज होती तिथेच राहिली. वजनाचा काटा मात्र साडेअकरा किलोवर जो अडकला तो हलेना.

जानेवारी २०२२ मध्ये आम्ही एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत गेलो. आठला केसपेपर काढला, साडेअकराला नंबर लागला. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, आवाज शांत. त्यांनी आधी मनूचे हात उलटे करून तळव्यावरच्या रेषा बघितल्या. मला वाटलं, आता भविष्य सांगतात की काय. मग डोळ्यांखालची घडी, कानांच्या पाळीमागची भेग, पोटऱ्यांचा कोरडेपणा. तान्ही असताना लंगोटाच्या जागी पुरळ होती का, हेही विचारलं. नव्हती. तिथली कातडी ओलसर राहते, म्हणून बहुतेक बाळांमध्ये ती जागा वाचते. एवढं झाल्यावर त्यांनी विचारलं, “घरात दमा कोणाला? सकाळच्या शिंका? नाक-डोळे खाजणं?”

मुलगा म्हणाला, “मला बाळदमा होता.”

आणि सकाळी उठल्या उठल्या वीस शिंका देणारी बाई तिथेच बसली होती. मी हात वर केला, वर्गातल्या मुलीसारखा.

“मग हे तुमच्याच घराण्यातलं, आजी,” डॉक्टर हसून म्हणाल्या. सून समोरच्या भिंतीवरचं क्षयरोगाचं पोस्टर वाचत होती. फार लक्ष देऊन वाचत होती.

आजाराचं नाव ॲटोपिक डर्माटायटिस, इसबाचाच एक प्रकार. रक्त खराब नाही, उष्णता नाही, कोणाकडून लागत नाही आणि कोणाला देता येत नाही. डॉक्टरांनी विटांच्या भिंतीचं चित्र काढून दाखवलं, पण मला ते कळलं ते आमच्या वाईच्या घराच्या कौलांवरून. कौलं सरकलेली असली की पाऊस आत येतो आणि उन्हाळ्यात धूळ. यांच्या कातडीचं तसं. वरच्या थराची वीण जन्मतःच सैल, त्यामुळे आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचा साबण, धूळ, घाम, जंतू आत शिरतात. ही वीण घट्ट ठेवणाऱ्या एका प्रथिनाचं नाव फिलॅग्रिन. त्याच्या जनुकातला दोष या आजाराशी जोडलेला आहे हे २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं. हा दोष सगळ्यांत सापडतोच असं नाही, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. दुसरी बाजू अंगातल्या पहारेकऱ्यांची, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीची. ते क्षुल्लक कारणानं लाठ्या घेऊन धावतात, कातडी सुजते, खाज सुटते. खाजवलं की कौलं आणखी सरकतात, पहारेकरी आणखी धावतात. “यात पुरळ येते म्हणून खाज नसते,” त्या म्हणाल्या, “खाज आधी असते, खाजवून पुरळ येते.” म्हणजे रात्रीच्या त्या जात्याच्या आवाजातच सगळा रोग दळला जात होता.

ॲलर्जीच्या कागदाची त्यांनी घडी घालून केसपेपरखाली ठेवली. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची ॲलर्जीची प्रतिपिंडं सापडणं वेगळं आणि तो खाल्ल्यावर त्रास होणं वेगळं. अंडं खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी उठतात का, ओठ सुजतात का, उलटी होते का? नाही? मग द्या. काही मुलांना खरंच अन्नाची ॲलर्जी असते आणि त्यांचं पथ्य डॉक्टरांनी नीट तपासून ठरवायचं असतं. पण छापील यादी बघून पोराला उपाशी ठेवायचं नसतं. त्या संध्याकाळी मनूनं शेंगदाण्याची चटणी आणि पोळी खाल्ली आणि ताट चाटून ठेवलं. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. काही झालं नाही.

औषधं दोनच. अंगासाठी मोमेटासोन, दिवसातून एकदा, चौदा दिवस. चेहऱ्यासाठी त्याहून सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, पाच दिवस. आणि भरपूर मॉइश्चरायझर. घरी येऊन मी चष्मा लावून खोक्यावरचं वाचलं. मोमेटासोन म्हणजेही स्टेरॉइड. माझ्या छातीत धस्स झालं. एकदा त्यानंच गाल खाल्ले होते ना? सुनेची आणि माझी त्या आजारपणातली पहिली एकी इथे झाली. दोघींनी ठरवलं, लावायचं, पण अगदी कुंकवाच्या टिकलीएवढं.

चौदा दिवसांनी खाज थोडी कमी, पण चट्टे जिथल्या तिथे. डॉक्टर म्हणाल्या, “ट्यूब आणलीय?” मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती तळहातावर ठेवून तोलली, मग उजेडासमोर धरली, आणि टेबलावर ठेवून माझ्याकडे बघितलं. पंधरा ग्रॅमची ट्यूब. टोकाशी जेमतेम एक मुरड पडलेली.

“आजी, तुम्ही काय शिकवायचात?”

“गणित.”

“मग मांडा.” त्यांनी माझी तर्जनी धरली आणि टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून सरळ पट्टी काढली. एक पेर. “हे झालं अर्धा ग्रॅम. एवढ्यात तुमच्या दोन पंज्यांइतकी कातडी भिजते, बोटं धरून.” मग माझा पंजा मनूच्या चट्ट्यांवर एकेक करून ठेवायला लावला. कोपरं, गुडघ्यांमागे, मनगटं, पोटऱ्या. सगळे मिळून चार पंजे झाले. चार पंज्यांना दोन पेरं, दोन पेरांचा एक ग्रॅम, चौदा दिवसांचे चौदा ग्रॅम. ट्यूब संपून जायला हवी होती. आमची दोन ग्रॅमही संपली नव्हती.

चौथीच्या मुलाला जमेल असं उदाहरण, आणि मी ते कधी मांडलंच नव्हतं. आधी जहाल औषध, कुठेही, कितीही, कितीही दिवस. मग योग्य औषध, तेही घाबरत, पुसल्यासारखं. पेरांवर आम्ही जप मोजतो, महिने मोजतो, मलम मोजायचं असतं हे माहीत नव्हतं. पेर मोठ्या माणसाचं धरायचं, मुलाचं नाही, हेही त्यांनी दोनदा बजावलं. आणि नंतर घोळ नको म्हणून सुनेलाही तिथेच करून दाखवायला लावलं.

पुढचे चौदा दिवस मी ट्यूब संपवायच्याच इराद्यानं लावलं. नवव्या रात्री मला जाग आली ती शांततेनं. मनू सलग झोपली होती. मी उठून तिच्या नाकाखाली बोट धरून बघितलं, इतकी मला त्या आवाजाची सवय झाली होती.

अंघोळीचं सगळं बदललं. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, साबणाची वडी बंद, फेस न होणारं सौम्य क्लीन्झर फक्त लागेल तिथे. खसखसून पुसायचं नाही, टॉवेल टेकवून पाणी टिपायचं. आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर चोपडायचं. आठवड्याला पाव किलो! मी तेही दोनदा विचारून घेतलं. आम्ही आणत होतो ती शंभर मिलीची नाजूक बाटली, पंपाची, इंग्रजी फुलाचं चित्र असलेली. त्या हिशेबानं महिन्याला दहा बाटल्या झाल्या असत्या. डॉक्टरांनी पांढऱ्या पॅराफिनचं साधं मिश्रण लिहून दिलं, अर्धा किलोचा डबा. पुढे एका भेटीत मी विचारलं की लोशन चांगलं की घट्ट मलम, तर म्हणाल्या, इंग्लंडमध्ये साडेपाचशे मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट अशी तुलना झाली, २०२२ मध्ये निकाल आला आणि चारींत फरक निघाला नाही. मूल लावून घेईल ते चांगलं. मनूला घट्ट चिकट आवडत नाही, म्हणून दिवसा क्रीम आणि रात्री डब्यातलं.

याच सुमारास मुलगा पाणी मऊ करायचं मशीन घ्यायला निघाला होता. सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी, बादल्यांवर पांढरे थर, तेव्हा त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. त्याचीही इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर परीक्षा झाली होती, २०११ मध्ये. बारा आठवडे मशीन वापरून इसबात फरक पडला नाही. मशीनचे पैसे वाचले, त्यातून सुती चादरी आल्या.

चेहऱ्यासाठी नंतर टॅक्रोलिमस आलं, ०.०३ टक्क्यांचं. ते स्टेरॉइड नाही, कातडी पातळ करत नाही, पापण्यांपाशीही लावता येतं. पण पहिले चार-पाच दिवस असं चुरचुरतं की मनू मला ‘मिरचीवाली आजी’ म्हणायला लागली. हे आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही थांबलो नाही. चुरचुर मग आपोआप गेली. खाजेसाठी झोप आणणारं ॲलर्जीचं औषध मिळेल का, असं सुनेनं विचारलं होतं. त्यानं झोप लागते, पण ही खाज मुख्यत्वे हिस्टामिनची, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या रसायनाची, नसते, म्हणून खाज तिथेच राहते, असं उत्तर मिळालं. आणि गालावरचे पांढरट चट्टे? तेही याच कोरड्या कातडीचे. जंत बिचारे निर्दोष होते. आपल्या गव्हाळ कातडीवर सूज लाल कमी आणि तपकिरी-जांभळट जास्त दिसते, आणि बरं झाल्यावरचा फिका-काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. तो डाग म्हणजे रोग नाही, त्यावर मलम चोपडत बसायचं नाही.

सोपं झालं असं मात्र समजू नका. पहिल्या पावसाळ्यात गुडघ्यांमागे पाणी सुटलं, वर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या. जिवाणूंची लागण. या कातडीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू एरवीही ठाण मांडून असतो. आठवडाभर पोटातून अँटिबायोटिक. तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं की सारख्या आकाराचे बारीक फोड घोळक्यानं उठले, दुखायला लागले आणि ताप आला तर सकाळची वाट न बघता तसंच उचलून आणायचं, तो नागिणीच्या जातकुळीतला विषाणू असू शकतो. घरात कोणाच्या ओठावर तापाचे फोड असतील तर त्यानं मनूचा मुका घ्यायचा नाही.

दिवाळीला अभ्यंग असतं. उटण्याशिवाय दिवाळी मला पटेना. डॉक्टर म्हणाल्या, नारळाचं तेल लावा, उटणं तुम्ही लावून घ्या. ऑलिव्ह तेलही नको म्हणाल्या, त्यानं कातडीची वीण आणखी सैल होते. सुनेच्या मैत्रिणीनं तान्हेपणी भेट दिलेली ती महागडी बाटली अजून कपाटात आहे. आणि एक गोष्ट मला कधी सुचली नसती. पॅराफिन मुरलेले कपडे पटकन पेट घेतात. तेव्हा मनूचा फुलबाजीचा झगा वेगळा, त्या दिवशी धुतलेला. गॅसच्या ओट्याजवळ तर ती मलम लावून आली की मी तिला बाहेर पिटाळते.

चट्टे गेले तरी मलम संपत नाही, हे पटायला सगळ्यात वेळ लागला. जिथे वारंवार येतं तिथे कातडी वरून साफ दिसली तरी आत धग असते, म्हणून आठवड्यातून दोन दिवस त्या जागांवर लावत राहायचं. आमचे वार बुधवार आणि शनिवार. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात मी ‘पे’ असं लिहिते. मृगाआधी आमच्या वाईच्या घराची शाकारणी व्हायची, दरवर्षी. घर बरं झालं का, असं कोणी विचारत नसे.

दर रविवारी मी वहीत गुण मांडते. डॉक्टरांनी दिलेले सात प्रश्न आहेत. आठवड्यात किती दिवस खाज, किती रात्री झोपमोड, किती दिवस रक्त, पाणी, चिरा, पापुद्रे, कोरडेपणा. प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण २८. इथे जास्त गुण म्हणजे नापास. पहिल्या आठवड्यात मनूला २२ होते, सहा महिन्यांनी ६. परीक्षेच्या दिवसांत, एप्रिलच्या घामात आणि पुण्याच्या कोरड्या थंडीत आकडा चढतो. मे महिन्यात गावी नेली की घामानं चढायचा, म्हणून आता दुपारी तिला दोनदा पाण्यानं पुसून घेते आणि परत क्रीम. ओपीडीत एक कॉलेजची मुलगी भेटायची, तिचं मलमांवर भागत नव्हतं. तिच्यासाठी डुपिलुमॅबच्या इंजेक्शनची बोलणी चालली होती. अमेरिकेत २०१७ मध्ये मोठ्यांसाठी मंजूर झालेलं औषध, २०२२ मध्ये सहा महिन्यांच्या बाळापर्यंत खाली आलं. त्या मुलीचे वडील खर्चाचा आकडा मोबाइलवर परत परत मांडत बसलेले असायचे. आमच्यावर ती वेळ आली नाही.

मनू आता सात वर्षांची आहे. वय वाढेल तसं बऱ्याच मुलांचं कमी होतं, म्हणतात. तिचं होईल की नाही ते कोणी लिहून देत नाही. सकाळच्या शिंका तिला सुरू झाल्यात, सात-आठ. माझ्या वीसच्या मानानं ठीक आहे.

गेल्या बुधवारी ट्यूब तिनंच उघडली आणि स्वतःच्या बोटावर पट्टी काढली. “हे माझं पेर.” मी म्हटलं, तुझं पेर लहान आहे, माझ्या बोटावर काढ. तिनं माझी तर्जनी धरली, चष्म्याशिवाय मला न दिसणारी ती रेघ शोधली आणि बरोबर तिथे थांबली. तेवढ्यात सुनेनं जेवायला हाक मारली. पानात कैरीचं लोणचं होतं, तिनं स्वतः वाढून घेतलेलं, चांगल्या दोन फोडी.

“आई, चालेल ना?” तिनं विचारलं, आणि माझ्याकडे न बघता खाल्लं.

मी तिसरी वाढली.